बिराजदार बाई आणि दुसरा पीस

बिराजदार बाईंनी माझ्याकडे सगळ्यात आधी काय मागितलं असेल, तर आमच्या गुरतेजचं ड्रॉइंग.

गुरतेज म्हणजे आमच्या बास्केटबॉल टीमचा सेंटर. उंची सहा फूट नऊ इंच. त्याला आणि आणखी पाच खेळाडूंना घेऊन मी आमच्या मोशीतल्या सोसायटीच्या गेटवर उभा होतो. टेम्पोतून गाद्या उतरत होत्या. बिराजदार बाई सोसायटीच्या सेक्रेटरी. वय साठीच्या आसपास, उंची पाच फुटांच्या आत, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि कमरेला किल्ल्यांच्या जुडग्याऐवजी स्टीलची मेजरिंग टेप. त्यांनी गुरतेजकडे खालून वर पाहिलं, मग वरून खाली पाहिलं, आणि मला विचारलं, "ड्रॉइंग कुठंय?"

"कसलं ड्रॉइंग?"

"ह्याचं. लांबी, रुंदी, वजन. ड्रॉइंगशिवाय मी माल आत घेत नसते."

"बाई, हा माल नाही. माणूस आहे."

"ते मला दिसायलंय. लिफ्टला दिसत नाही. लिफ्टचं दार दोन हजार एमएम आहे."

मग वॉचमनचं स्टूल आलं. बाई त्यावर चढल्या, गुरतेजला गेटच्या खांबाला टेकवून उभा केला आणि टेप लावली. "दोन हजार सत्तावन्न," त्या म्हणाल्या. "ओव्हरसाइज." गुरतेज पंजाबचा. त्याला मराठी ओ की ठो कळत नव्हतं. आपलं कौतुक चाललंय असं वाटून तो म्हणाला, "थँक यू आंटी."

दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या चौकटीवर जुन्या गोधडीचा तुकडा चिकटवलेला होता आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, "गुरतेज, मान खाली." गुरतेजला मराठी कळेना, म्हणून तो दोन दिवस गोधडीवर डोकं आपटत राहिला. तिसऱ्या दिवशी बाईंनी खाली कंसात एक शब्द वाढवला. "झुको."

मी ह्या टीमचा मॅनेजर. मॅनेजर म्हटलं की लोकांना सूट-बूट आठवतो. माझ्या वाट्याला बस, बर्फ, केळी आणि धोबी एवढंच येतं. आमचे मालक, म्हणजे शेठ, यांचा चाकणला नट-बोल्टचा कारखाना आहे, म्हणून टीमचं नाव चाकण बोल्ट्स. हे नाव ऐकल्यावर बाईंनी गंभीरपणे विचारलं होतं, "कुठल्या ग्रेडचे?"

आदल्या वर्षी आम्ही लीग जिंकलो होतो. का जिंकलो ते आम्हालाही नीट कळलं नव्हतं, पण जिंकलो होतो. त्यामुळे नव्या सीझनला सगळे जरा हवेत होते. शेठ हवेत, खेळाडू हवेत, मी तर केळीसुद्धा वरच्या प्रतीची आणायला लागलो होतो. जमिनीवर होता एकटा कोच, कारण तो केरळचा होता आणि मुळात दिवसाला चारच वाक्यं बोलायचा.

बिराजदार बाई मूळच्या लातूरकडच्या. चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. बनून आलेला पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, आणि सांगायचं: हा ओके, हा रिवर्क, हा स्क्रॅप. ओके म्हणजे जाऊ द्या. रिवर्क म्हणजे परत मशीनवर घ्या, दुरुस्त होईल. स्क्रॅप म्हणजे भंगार. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, पण हे हातातून गेलं नव्हतं. त्यांच्या पोळ्या एका मापाच्या असत, आणि जी नसे ती पोळी त्या डब्याच्या झाकणावर वेगळी ठेवत आणि आधी स्वतः खात. भाजीवाला त्यांच्या खिडकीखालून जाताना आवाज बारीक करायचा. गणपतीत सोसायटीने एकशे एक मोदक मागवले, तेव्हा बाईंनी दर दहातला एक फोडून सारण तपासलं होतं, आणि एक खोका "नारळ कमी" म्हणून परत पाठवला होता. हलवायाने मुकाट्याने दुसरा दिला. पुढच्या वर्षी त्याने आमची ऑर्डरच घेतली नाही.

त्या एकट्याच राहत. आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींनी एकदा धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही लग्न नाही केलं?"

"स्थळं आली होती की," बाई म्हणाल्या. "सॅम्पलिंगमध्येच बाद झाली."

तर अशा बाईंच्या डोक्यावर, म्हणजे अक्षरशः वरच्या फ्लॅटमध्ये, मी सहा बास्केटबॉलपटू आणून ठेवले होते. चौथ्या दिवशी सकाळी सहाला त्या माझ्या दारात उभ्या.

"मॅनेजर, वर कोण चेंडू आपटायलंय?"

"मुलं आहेत बाई. सवय असते त्यांना. सांगतो मी."

"आपटू द्या. पण एक आपटतो त्याचा ठोका चुकायलाय. तीन बरोबर पडतात, चौथा उशिरा. मला झोप लागत नाही. एक तर चौथा बरोबर पाडायला सांगा, नाहीतर चारही बंद करा."

चौकशी केली, तर चेंडू आपटणारा दत्ता सोळंके निघाला. दत्ता बीडकडचा, सहा फूट चार इंच, चोवीस वर्षांचा, आणि इतका लाजाळू की टीमच्या फोटोत तो कायम कुणाच्या तरी मागे असायचा. सहा फूट चार इंचाच्या माणसाला मागे लपायचं म्हणजे किती कष्ट, विचार करा. मी त्याला माफी मागायला खाली नेलं. बाईंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "तू मोजत नाहीस का रे आपटताना?"

"न्हाई, मावशी."

"मग काय बघून खेळतोस?"

दत्ताने बराच विचार केला. "बास्केट बघून," तो म्हणाला.

"तुमची बास्केट मला बघायचीय," बाई म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी आमच्या बसमध्ये येऊन बसल्या. पहिल्या सीटवर.

आमची प्रॅक्टिस चिखलीत, वर्कशॉपच्या रांगेतल्या एका पत्र्याच्या हॉलमध्ये चालायची. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंग, मध्ये आम्ही. बाईंनी आत आल्या आल्या नाकाने हवा ओढली आणि त्यांचा चेहरा खुलला. शेजारच्या वर्कशॉपमधला कूलंटचा वास होता तो. मग त्यांनी शिडी मागवली.

कोच म्हणाला, "व्हाय?" ते त्याचं त्या दिवसाचं पहिलं वाक्य.

बाई शिडीवर चढल्या. खाली टेप धरायला दत्ता. रिंगची उंची मोजली, पुन्हा मोजली, दुसऱ्या बाजूने मोजली, तीन आकडे पेन्सिलीने तळहातावर लिहिले आणि खाली उतरून कोचला विचारलं, "नियम किती सांगतो?"

"थ्री थाउजंड फिफ्टी."

"टॉलरन्स?"

कोचने नियमांचं पुस्तक काढलं. मला आजवर ठाऊकच नव्हतं की असं काही त्यात असतं. पण होतं. सहा एमएम कमी-जास्त चालेल.

"तुमची तीन हजार बेचाळीस आहे," बाई म्हणाल्या. "आठनं खाली. सहा सुटले तरी दोन बाहेर. टॉलरन्समध्ये बसत नाही. इथंच सराव करून गेल्या वर्षी जिंकला ना तुम्ही? मग ती ट्रॉफी डाउटफुल लॉट आहे."

गुरतेजने विचारलं, "आंटी क्या बोली?" आणि कुणीतरी त्याला भाषांतर करून सांगितलं. तो एवढा उंच माणूस, पण कपाळावर हात मारून खालीच बसला.

पलीकडच्या वर्कशॉपमधून पॅकिंगच्या पट्ट्या आणून आम्ही रिंग बरोबर आठ एमएम वर घेतली. आणि त्या दिवसापासून आमच्या टीमचा एक चेंडू आत जाईना. आठ एमएम म्हणजे काय, जाड पुठ्ठ्याएवढं! पण सगळ्यांच्या डोक्यात ते बसलं. सीझनची पहिली मॅच हरलो. दुसरी हरलो. शेठनी मला चाकणला बोलावून विचारलं, "ती बाई कोण आहे? दुसऱ्या टीमने पाठवली का?"

मी बाईंना दबक्या आवाजात सुचवून पाहिलं की रिंग परत खाली घेऊ.

"आणि मॅचच्या रिंगांचं काय करणार? त्या पण खाली घेणार?" त्या म्हणाल्या. "ऐका, मॅनेजर. पहिला पीस कुणाचाही ओके निघतो. मशीन गरम असते, ऑपरेटर खुशीत असतो, निघतो. माझ्याकडं नवीन पोरं यायची पहिला पीस नाचवत. मी म्हणायची, ठेव तिथं. दुसरा आण. तस्साच. मग आपण बोलू."

हे मी खेळाडूंना जसंच्या तसं सांगितलं. कोचने ऐकलं, मान हलवली आणि दिवसभरासाठी राखून ठेवलेली उरलेली तीनही वाक्यं एकदम खर्च केली. "शी इज राइट. सेकंड पीस. लेट्स वर्क."

तिसरी मॅच आम्ही जिंकलो. चौथीही. तेव्हापासून बाईंची खुर्ची आमच्या बेंचच्या मागे कायमची पडली. हातात क्लिपबोर्ड, गळ्यात चष्मा. आमच्या घरच्या मॅचेसना येणारं पब्लिक म्हणजे कोण? चाकणच्या कंपन्यांतली माणसं. पहिली शिफ्ट सुटली की युनिफॉर्मवरच यायची. बाई प्रत्येक बास्केटनंतर स्वतःशीच पुटपुटायच्या, "ओके पीस." हे मागच्या रांगेतल्या दोघांनी ऐकलं. पुढच्या मॅचला ती रांग म्हणायला लागली. त्याच्या पुढच्या मॅचला अख्खं स्टेडियम. आम्ही बास्केट टाकली की दीड-दोन हजार माणसं एका आवाजात "ओकेऽऽ पीस!" आणि समोरच्यांचा चेंडू रिंगला लागून बाहेर आला की "रिजेऽऽक्ट!" बाहेरगावच्या टीम गोंधळून जायच्या. एका टीमच्या कोचने तर तक्रार केली की रेफ्रीचे निर्णय प्रेक्षकच ओरडून देत आहेत. त्याला समजावून सांगताना माझी अर्धी संध्याकाळ गेली.

बाईंनीही तक्रारी केल्या. लीगकडे त्यांनी लेखी कळवलं की स्कोअररचं टेबल डावीकडे कललेलं आहे आणि त्याखाली चार एमएमचा पुठ्ठा घालावा. लीगचं उत्तर आलं नाही. पुढच्या मॅचला बाईंनी स्वतःच पुठ्ठा नेऊन घातला.

पण त्यांचा खरा जीव अडकला तो दत्ताच्या फ्री थ्रोमध्ये. फ्री थ्रो म्हणजे फुकटचा पॉइंट. समोर कुणी अडवायला नाही, रेषेवर उभं राहायचं आणि चेंडू टाकायचा. दत्ता चालत्या खेळात वाघ, आणि त्या रेषेवर उभा राहिला की शेळी. बाईंनी क्लिपबोर्डवर एक रिंग काढून त्याचा प्रत्येक चुकलेला चेंडू कुठे लागला तिथे ठिपका द्यायला सुरुवात केली. महिनाभराने सगळे ठिपके उजवीकडे जमले होते.

"हाताचा दोष असता तर ठिपके विखुरले असते," बाई म्हणाल्या. "हे सगळे एकाच बाजूला आहेत. म्हणजे पार्ट धरणारं फिक्श्चर वाकडं आहे. हा उभाच वाकडा राहतोय."

त्यांनी दत्ताला हॉलमध्ये रेषेवर उभं केलं आणि जमिनीवर बसून पायांना टेप लावली. मग म्हणाल्या, "बूट काढ."

दत्ता काढेना. लाल झाला. शेवटी काढले. बाईंनी तळ बघितले आणि दोन्ही बूट माझ्या हातात दिले. डावा अकरा नंबर, उजवा बारा.

"कंपनीनं असेच पाठवले होते," दत्ता खाली बघत म्हणाला. "खोक्यातच तसे होते."

"कधी?"

"सीझनच्या पहिल्या दिवशी."

"आणि तू तीन महिने बोलला नाहीस?" मी ओरडलोच.

"तुम्ही गडबडीत होता, सर. म्हणलं, कशाला उगं त्रास द्यायचा. अकरात बोटं जरा मुडपून घेतली की बसतंय."

बाईंनी क्लिपबोर्डवर दत्ताच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. मी डोकावलो. "रिवर्क. दोष पार्टचा नाही," असं लिहिलं होतं.

नवीन बूट आले. दत्ताचे ठिपके मध्ये सरकायला लागले. तो रोज रात्रीचं जेवण बाईंकडे घेऊ लागला. बाकीचे पाच वरून वास घेत बसायचे. मग तेही एकेक करत खाली उतरले आणि बाईंच्या स्वयंपाकघरात शिफ्ट लागली. पहिल्या शिफ्टला गुरतेज, कारण तो दोन माणसांचं खायचा. धपाट्याला तो "लातूर का पराठा" म्हणायचा, आणि प्रत्येक धपाटं उचलताना "ओके पीस, आंटी?" असं विचारून परवानगी घ्यायचा.

असं करत करत आम्ही सेमीफायनलला पोचलो आणि तीही जिंकलो. पण शेवटच्या पाच मिनिटांत दत्ता रिंगवरून परतलेला चेंडू धरायला, म्हणजे रिबाउंडला, उडाला आणि खाली येताना त्याचा पाय कुणाच्या तरी पायावर पडला. आवाज मला बेंचवर ऐकू आला. गुडघ्याचं लिगामेंट. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लागेल, पण सूज उतरल्यावर. तोवर पाय पट्ट्यात बांधून झोपून राहायचं. फायनल तीन दिवसांवर होती.

मी त्या तीन दिवसांत दत्ताकडे किती वेळा गेलो, तर एकदा. केळी घेऊन गेलो. आणि खरं सांगायचं तर केळी निमित्त होती. त्याचं गळ्यात घालायचं ओळखपत्र परत घ्यायचं होतं, कारण त्याच्या जागी आलेल्या खेळाडूचं कार्ड त्याशिवाय बनत नव्हतं. दत्ताने उशीखालून ते काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, "फोटो तेवढा बदला, सर. उंची सेमच आहे आमची." मी हसलो आणि निघालो. बाहेर बस उभी होती.

फायनल आमच्याच कोर्टवर, रविवारी दुपारी चारला. स्टेडियम खचाखच. रविवारच्या ओव्हरटाइमवर पाणी सोडून लोक आले होते. आणि बेंचच्या मागची खुर्ची रिकामी.

आधी वाटलं, येतील. साडेचार झाले. मी फोन लावला, उचलला नाही. पब्लिकमधून आवाज यायला लागले, "मॅनेजर, मॅडम कुठंयत?" पहिल्या हाफला आम्ही अकरा पॉइंटनी मागे होतो. शेठ घामाघूम होऊन खाली आले. त्यांनी बोटांत तीन आणि गळ्यात दोन असे एकूण पाच खडे घातले होते.

"बाई कुठंय?"

"फोन उचलत नाहीत."

"माझी गाडी पाठव. उचलून आण म्हणावं त्यांना, खुर्चीसकट."

ज्यांना सहा महिन्यांपूर्वी शेठ दुसऱ्या टीमची हेर समजत होते, त्याच ह्या बाई. ड्रायव्हर गेला आणि वीस मिनिटांत एकटाच परत आला. म्हणाला, "त्या म्हणाल्या, आज तब्येत टॉलरन्समध्ये नाही. आणि मला वाटीभर शेंगदाण्याची चटणी बांधून दिली."

शेठनी तिथेच उभ्या उभ्या देवाचं नाव घेतलं. खरं तर नाव घेण्याइतका वेळही नव्हता. बाईंशिवाय पब्लिकनेच आवाज लावला. "ओकेऽऽ पीस" एवढा मोठा झाला की पत्रे थरथरले. अंतर कमी होत गेलं. अकराचे सात, सातचे तीन. शेवटचे चार सेकंद उरले असताना आम्ही एका पॉइंटने मागे होतो आणि गुरतेजला दोन फ्री थ्रो मिळाले. तो रेषेवर उभा राहिला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, आणि दोन्ही आत टाकले. नंतर मी विचारलं, काय म्हणत होतास? तो म्हणाला, "मान खाली."

आम्ही पुन्हा चॅम्पियन. माणसं कोर्टवर धावत आली. कुणीतरी कोचला खांद्यावर घेतलं आणि तो चक्क पाचवं वाक्य बोलला. शेठनी हॉटेलात पार्टी जाहीर केली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी ट्रॉफी घेऊन मोशीला जाऊन येतो. बाईंना दाखवतो. आजारी माणसाला बरं वाटेल.

सात वाजले असतील. बाईंच्या दाराला कुलूप होतं. वरच्या मजल्यावर खेळाडूंच्या फ्लॅटचं दार मात्र उघडं होतं. मी आत डोकावलो.

आत मेथी होती. मला आधी फक्त मेथीच दिसली. अख्ख्या हॉलभर वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यावर मेथीचे ढीग. हातगाडीवरची सगळी मेथी उचलून आणल्यासारखी. नंतर कळलं, ती तशीच आणली होती. ढिगांच्या मध्ये दत्ता बसला होता, पट्ट्यातला पाय उशीवर, आणि आपल्या अगडबंब हातांनी एकेक पान खुडत होता. बाजूला बिराजदार बाई. ठणठणीत. टीव्ही बंद. दोघांचेही फोन कपाटावर, उंच, दत्ताचा हात बसल्या जागेवरून पोचणार नाही अशा बेताने ठेवलेले.

मी ट्रॉफी हातात घेऊन दारात उभा. दोघांनी वर पाहिलं.

"जिंकलो, सर?" दत्ताने विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"फटाके ऐकले. पण मावशी म्हणल्या, लग्नाचे पण असू शकतात."

"जिंकलो," मी म्हणालो.

दत्ता हसला. चांगला मनापासून हसला. "माझ्या जागेवरचा कसा खेळला?"

"चांगला खेळला," मी म्हणालो. "बारा पॉइंट केले त्याने."

"भारी की," दत्ता म्हणाला, आणि पुन्हा मेथीकडे वळला. एकच काडी बराच वेळ खुडत राहिला. त्या काडीला पान उरलं नव्हतं.

बाई उठल्या आणि मला डोळ्याने खुणावून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. कुकर गॅसवर होता. मी हळू आवाजात म्हणालो, "बाई, अहो, सीझनभर एक मॅच चुकवली नाहीत तुम्ही. आणि आज? दुसरा पीस होता तुमचा. मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? ह्याला उचलून नेला असता व्हीलचेअरवर. दोन हजार लोकांपुढं. तो न्हाई म्हणला नसता. त्यानं बुटाला न्हाई म्हटलं नाही."

बाईंनी ओट्यावरची सांडलेली डाळ बोटाने गोळा केली.

"मी रिटायर झाले ना," त्या म्हणाल्या, "त्याच्या दुसऱ्या दिवशी मला सुचेना म्हणून डबा भरला. युनिफॉर्म घातला आणि स्टॉपवर जाऊन उभी राहिले. कंपनीची बस आली. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं दार उघडलं. मी म्हटलं, न्हाई बाबा, मी उगं फिरायला आलेय. बस गेली. मग घरी बसले. म्हटलं, एखादा पार्ट अडेल त्यांचा. फोन येईल, मॅडम, जरा बघता का म्हणून. आठ दिवस फोन घेऊन बसले होते मी. बाथरूममध्ये पण घेऊन जायची."

"आला?"

"कशाला येतोय. नवव्या दिवशी मीच केला. तर पोरगी म्हणाली, मॅडम, एकदम मस्त चाललंय, ह्या आठवड्यात एक रिजेक्शन नाही." बाई जरा हसल्या. "आनंद झाला बघा मला. खरंच झाला. माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी. पण तो आनंद घेऊन कुठं जायचं ते कळेना. दिवसभर ह्या खोलीतून त्या खोलीत फिरले."

त्यांनी हातातली डाळ कुकरशेजारच्या वाटीत टाकली.

"तुम्ही जिंकणार हे मला ठाऊक होतं. ह्याला पण ठाऊक होतं. तेवढ्यासाठीच त्याला आज एकटं ठेवायचं नव्हतं."

माझ्या खिशात फोन वाजायला लागला. शेठ. पार्टीतून. मी तो कट केला आणि गुरतेजला एकच मेसेज टाकला: हॉटेलातून सगळ्यांना घेऊन घरी ये. जेवण इथे आहे. मग बूट काढले, बाहेर येऊन वर्तमानपत्रावर बसलो आणि एक जुडी पुढ्यात ओढली. मला मेथी निवडता येत नाही. दत्ताने दोन मिनिटं पाहिलं आणि माझ्या हातातली काडी काढून घेतली.

"सर, असं न्हाई. देठ टाका, पान ठेवा." मग जरा वेळाने, खाली बघतच, तो म्हणाला, "मॅच सांगा की."

"कुठून सांगू?"

"पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगायला लागलो. पहिला चेंडू कुणी उडवला, कुणी घेतला, कुणाकडे दिला. दत्ता मध्ये मध्ये थांबवून विचारायचा, तेव्हा गुरतेज कुठे उभा होता, डावीकडे की उजवीकडे. मी हाफटाइमपर्यंत आलो, अकरा पॉइंटनी मागे, आणि एकदम लक्षात आलं की घर फार शांत झालंय. मी मान वळवून पाहिलं. बाई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. शिट्टीच्या आवाजात काही ऐकायचं राहून जाऊ नये म्हणून त्यांनी कुकरखालचा गॅस बंद केला होता.

"थांबलात का?" त्या म्हणाल्या. "सांगा पुढं."